साताऱ्यात व्यायाम सुरू करताना: हुरूप कसा टिकवावा आणि मर्यादा कशी वाढवावी

नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा घाटातल्या अर्धमॅरेथॉनची नोंदणी सुरू झाली की, साताऱ्यातील मैदानांवर, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर आणि जिममध्ये नवे चेहरे दिसू लागतात. महिना-दीड महिन्यात त्यांतले बरेचसे दिसेनासे होतात. ही माणसे आळशी असतात असे म्हणणे सोपे असले तरी ते न्याय्य नाही. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते: आपला आवाका न तपासता ते पहिल्याच आठवड्यात भरमसाट मेहनत करतात, मग पोटऱ्या आणि मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरणे अवघड होते, त्यातून चार दिवसांचा खाडा पडतो आणि खाडा पडल्याची टोचणी लागली की पुन्हा सुरुवात करणे अधिकच जड जाते.

पुढील सर्व सूचना एका विचारावर उभ्या आहेत. आपली आजची मर्यादा मोजून तिच्या थोडेसेच पलीकडे जात राहिले तर प्रगती आकड्यांत दिसते, आणि स्वतःच्या हस्ताक्षरात दिसणारी प्रगती दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठवते. म्हणून येथे स्फूर्ती देणारी वचने नाहीत. मोजायचे कसे, वाढवायचे किती आणि थांबायचे कधी, एवढेच आहे. हा लेख कित्येक वर्षे नियमित व्यायाम न केलेल्या, एरवी निरोगी असलेल्या प्रौढांसाठी आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असेल, गरोदरपण असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चालताना छातीत भरून येत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे आणि त्यानंतरच पुढचे वाचावे.

पायरी पहिली: कारण स्वतःचे असावे

पोलीस भरती किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पहाटे कोणी हाक मारून उठवावे लागत नाही, कारण त्यांच्यापुढे ठरलेले अंतर असते, घड्याळातली वेळ असते आणि भरतीची तारीख असते. नोकरी, दुकान किंवा घर सांभाळणाऱ्या माणसापुढे असे काही नसते. ते त्याला स्वतःच ठरवावे लागते. हे कारण रोजच्या जगण्याच्या जितके जवळचे असेल तितके ते टिकते. सज्जनगडाच्या पायऱ्या मध्ये न बसता चढणे, पुढच्या तपासणीपर्यंत साखर आटोक्यात आणणे, धान्याचे पोते कंबर न धरता उचलणे ही कारणे एखाद्याचे फोटो पाहून आलेल्या इच्छेपेक्षा अधिक काळ साथ देतात.

वजन घटवणे हे मात्र एकमेव कारण ठेवू नये. शरीरातील पाण्याच्या प्रमाणानुसार काट्यावरचा आकडा एक-दोन किलोंनी सहज मागेपुढे होतो, आणि खरी घट फार सावकाश दिसते. ज्याने फक्त काट्याकडे पाहिले त्याचा दम आणि ताकद वाढलेली असूनही तो तिसऱ्या आठवड्यात हिरमुसतो.

पायरी दुसरी: दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवावी

ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे सांगण्याजोगा आहे. त्यात तीन गट होते. पहिल्या गटाला काहीच विशेष सांगितले नव्हते. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे पटवून देणारा मजकूर वाचायला दिला होता. तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला, पण त्याशिवाय आपण कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे व्यायाम करू हे लिहून दिले. पुढच्या आठवड्यात पहिल्या गटातील ३८ टक्के, दुसऱ्या गटातील ३५ टक्के आणि तिसऱ्या गटातील ९१ टक्के लोकांनी किमान एकदा व्यायाम केला. केवळ स्फूर्तिदायक वाचनाने काडीचाही फरक पडला नव्हता. रात्री अकरापर्यंत व्यायामाच्या चित्रफिती पाहून पहाटेचा गजर बंद करणाऱ्यांना हे आकडे मनोमन पटतील.

तेव्हा कागदावर सरळ वाक्य लिहावे: ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहा वाजता, घरापासून चार भिंती स्मारकापर्यंत आणि परत.’ त्याच्या खाली दुसरे वाक्य असावे आणि साताऱ्यात ते विशेष गरजेचे आहे: ‘पाऊस असेल तर त्याच वेळी घरात वीस मिनिटे सूर्यनमस्कार आणि बैठका.’ जूनपासून सप्टेंबरपर्यंत शहरात पाऊस असतोच, आणि यवतेश्वरच्या वर कासच्या दिशेने तर धुक्यामुळे समोरून येणारे वाहन जवळ येईपर्यंत दिसत नाही. पर्याय आधी ठरलेला नसेल तर पावसाळ्याचे चार महिने व्यायामाला सुट्टी मिळते.

सूर्यनमस्कारांना येथे कमी लेखू नये. आजच्या खटाव तालुक्यातील औंध हे ज्या संस्थानाचे मुख्य ठिकाण होते, त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सूर्यनमस्काराला रोजच्या शारीरिक शिक्षणाचे रूप दिले, संस्थानातील शाळांमध्ये तो सुरू केला आणि त्याचा प्रचार देशाबाहेरही केला. साहित्य लागत नाही, जागा एका सतरंजीएवढी पुरते आणि मोजणी सोपी असते, त्यामुळे मर्यादा मोजून वाढवण्यासाठी हा व्यायाम फार सोयीचा आहे. सुरुवात सहा नमस्कारांनी करावी.

सकाळची वेळ सर्वांना जमत नाही. ज्या घरात पहाटे पाणी भरायचे आणि सातच्या आत डबे व्हायचे असतात, तेथील गृहिणीला ‘सकाळी फिरायला या’ असे सांगणे व्यर्थ आहे; तिने दुपारी चार किंवा संध्याकाळी सहाची वेळ घ्यावी. तीही सलग नसली तरी चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करावा, आणि त्यात दहा मिनिटांपेक्षा छोटे तुकडेही मोजले जातात.

पायरी तिसरी: आजची मर्यादा मोजावी

या पायरीला एक पूर्ण आठवडा द्यावा. नवशिक्यांना हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे.

सर्वप्रथम विश्रांतीतील नाडी मोजावी. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच पडून, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत, सलग तीन दिवसांची सरासरी काढावी. प्रौढांमध्ये हा आकडा साधारणपणे ६० ते १०० च्या दरम्यान असतो आणि नियमित दमाच्या व्यायामाने तो काही महिन्यांत हळूहळू खाली येतो. नंतर हीच नाडी थकव्याची खूण म्हणूनही उपयोगी पडते.

दुसरी मोजणी ताकदीची आहे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीवर घडी घालून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. त्यानंतर जोर मारून पाहावेत. जमिनीवर एकही जोर निघत नसेल तर ओट्यावर किंवा टेबलावर हात टेकवून मारावेत, तेही जड वाटले तर भिंतीवर. कंबर खाली लोंबू लागली किंवा मान पुढे येऊ लागली की त्याच क्षणी मोजणी थांबवावी. त्यानंतरचे जोर हिशेबात धरू नयेत.

तिसरी मोजणी दमाची. अमेरिकी हवाई दलातील डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडलेली बारा मिनिटांची कसोटी आजही मैदानावर वापरली जाते: आखलेल्या धावपट्टीवर बारा मिनिटांत चालत किंवा पळत जितके अंतर काटता येईल तितके काटायचे. मूळ कसोटीत पूर्ण जोर लावणे अपेक्षित आहे. नवशिक्याने तसे करू नये, भरभर चालत राहावे. मोबाईलवर वयानुसार ‘उत्तम, मध्यम, वाईट’ असे तक्ते सापडतात, ते या टप्प्यावर पाहू नयेत. तुलना फक्त दोन महिन्यांनंतरच्या स्वतःशी करायची आहे.

साताऱ्याच्या माणसाला मात्र याहून चांगली कसोटी घराबाहेर पडताच मिळते, असे माझे मत आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एक पक्की खूण ठरवावी आणि तेथून किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच गतीने चालत, किती मिनिटे लागतात आणि किती वेळा थांबावे लागते ते लिहून ठेवावे. चढ खोटे बोलत नाही. सपाटीवर गती थोडी कमी केली तर ते लक्षातही येत नाही, चढावर मात्र पाचव्या मिनिटाला सगळे उघडे पडते. प्रत्येक वेळी तीच खूण, तीच वेळ आणि शक्यतो तसेच हवामान असावे, कारण एप्रिलमधले ऊन आणि डिसेंबरमधली थंडी यांत एकाच माणसाच्या वेळा बऱ्याच वेगळ्या येतात.

पायरी चौथी: पहिले आठ आठवडे

या काळात गती ठरवायला घड्याळाची गरज नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, हा मध्यम श्रम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, हा जास्त श्रम. पहिले आठ आठवडे जवळजवळ सगळा व्यायाम पहिल्या प्रकारातच राहू द्यावा.

पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्यातून चार दिवस तीस मिनिटे भरभर चालावे. तिसऱ्या आठवड्यापासून, गुडघे कुरकुरत नसतील तर, त्यातील दोन दिवस एक मिनिट हलके पळणे आणि दोन मिनिटे चालणे असा क्रम आठ वेळा करावा. पुढे दर आठवड्याला पळण्याचा तुकडा थोडा लांबवत सहाव्या-सातव्या आठवड्यात पाच मिनिटे पळणे आणि दोन मिनिटे चालणे येथवर यावे. पळणे नकोच असेल तर चढ चालावा. हृदयाला आणि फुप्फुसांना चढावरचे चालणेही तितकेच श्रम देते आणि सांध्यांवर आदळआपट कमी होते. वजन जास्त असलेल्यांना मी पळण्यापेक्षा चढच सुचवीन.

उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवशी ताकदीचा व्यायाम करावा: खुर्चीवरून उठबस आणि पुढे बैठका, आपल्याला झेपेल त्या उंचीवरचे जोर, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि कोपरांवर अंग तोलून सरळ धरून ठेवणे. प्रत्येकाचे दोन फेर पुरेत. तालमीत जाणाऱ्या पोरांच्या शेकडो बैठकांकडे पाहून त्यांच्याशी स्पर्धा करू नये. ती संख्या लहानपणापासून चढत गेलेली असते. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढल्यासारखी वाटते, कारण स्नायू मोठे होण्याआधी मेंदू आणि मज्जातंतू असलेले स्नायू अधिक चांगले वापरायला शिकतात. त्यानंतर वेग मंदावतो. तो मंदावणारच आहे हे आधी माहीत असले तर सातव्या आठवड्यात निराशा येत नाही.

आहाराविषयी या टप्प्यावर फार बोलण्याची गरज नाही. भाकरी, उसळ, डाळ, दही आणि परवडत असेल तर अंडी जेवणात नियमित असावीत. पहिल्या दोन महिन्यांत पावडरच्या डब्यावर खर्च करण्यापेक्षा ते पैसे नीट बसणाऱ्या बुटांवर खर्च करावेत.

पायरी पाचवी: वही

एक दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक दिवसासाठी एकच ओळ लिहावी: तारीख, काय केले, किती मिनिटे किंवा किती आवर्तने, दहापैकी किती जड वाटले आणि आदल्या रात्री किती तास झोप झाली. खाडा पडला तर त्या तारखेपुढे कारण लिहावे, रेघ मारून सोडू नये. अॅप वापरणाऱ्यांनी जरूर वापरावे, पण अॅप पावले मोजते, ‘आज जड गेले’ हे मोजत नाही, आणि पुढच्या पायरीसाठी नेमके तेच लागते.

लंडनमध्ये ९६ लोकांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एखादी साधी कृती विचार न करता आपोआप होऊ लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी तो अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासात मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा अडथळा आला नाही असेही दिसले. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे सगळीकडे ऐकू येणारे वाक्य त्यामुळे बाजूला ठेवावे. बाविसाव्या दिवशीही अंथरूण सोडवत नसेल तर त्यात आपले काही बिघडलेले नाही.

पायरी सहावी: मर्यादा कशी वाढवावी

आठ आठवड्यांनंतर तिसऱ्या पायरीतील सगळ्या मोजण्या पुन्हा कराव्यात. बहुतेक आकडे सुधारलेले असतील. आता खऱ्या अर्थाने जोर लावायची वेळ आली आहे, आणि येथेच घाई सर्वांत जास्त नुकसान करते.

मर्यादा पुढे सरकते ती कशी, हे पाहण्यासाठी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांच्या वेळा पाहाव्यात. तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत त्यांनी ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांची वेळ दिली. २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ९:३४.१३ वेळेसह सुवर्णपदक मिळवले, त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९:२७.८६, एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत ९:२७.०९ आणि ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६. या शेवटच्या वेळेने त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांच्यानंतर धावपट्टीवरील वैयक्तिक प्रकारात ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत्या. या आकड्यांतील टप्पे नीट पाहावेत. एकदा सव्वा सेकंद, एकदा सहा सेकंद, एकदा जेमतेम पाऊण सेकंद, आणि मग एकदम सात सेकंद. दोन वर्षांच्या पूर्णवेळ कष्टांतून साडेपंधरा सेकंद कमी झाले आणि तेही सारख्या चालीने नाही. आपल्या वहीत एखादा महिना आकडा हलला नाही तर तो महिना फुकट गेला असे समजण्याचे कारण नाही.

आता नियम. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. अंतर वाढवले तर त्या आठवड्यात गती आणि चढ तेवढेच ठेवावेत. चढ वाढवला तर अंतर कमी करावे. आठवड्याच्या एकूण मिनिटांत थोडीच वाढ करावी, म्हणजे १५० मिनिटे होत असतील तर पुढच्या आठवड्यात १६० ते १६५, दोनशे नव्हे. दर चौथ्या आठवड्यात व्यायाम सुमारे एक तृतीयांशाने कमी करावा. शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत, आणि हा हलका आठवडा वगळणारे लोक नेमके प्रगती दिसू लागल्यावर आजारी पडतात किंवा पाय दुखावून बसतात.

आठवड्यातून एकच दिवस कठीण ठेवावा. त्यासाठी साताऱ्यात चढावरच्या फेऱ्या उत्तम. वाहतूक नसलेला, फार तीव्र नसलेला चढ निवडावा, दहा मिनिटे हलके चालून अंग गरम करावे, मग पंचेचाळीस सेकंद ते एक मिनिट जोरात वर जावे आणि सावकाश चालत खाली यावे. अशा चार फेऱ्यांनी सुरुवात करून काही आठवड्यांत आठपर्यंत जावे. दहापैकी आठ इतके जड वाटले पाहिजे, दहा नव्हे. शेवटची फेरी पहिल्या फेरीइतकीच लांब गेली तर प्रमाण बरोबर होते. शेवटच्या फेरीत अर्ध्यातच पाय थांबले तर पहिल्या दोन फेऱ्या उतावीळपणे मारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी फक्त हलके चालणे किंवा विश्रांती.

ताकदीच्या व्यायामात ‘आणखी दोन निघाले असते’ अशा जागी थांबावे. एखाद्याचे सलग बारा जोर निघत असतील तर त्याने दहाचे तीन फेर मारावेत, आणि ते सलग दोन दिवस स्वच्छ निघाले की एकेक जोर वाढवावा किंवा ओट्यावरून खाली जमिनीवर यावे.

आता मनाच्या ताकदीविषयी. लांब शर्यतीत शेवटच्या फेरीपर्यंत गलितगात्र दिसणारा धावपटू अखेरच्या दोनशे मीटरमध्ये वेग वाढवतो, हे सर्वांनी पाहिलेले असते. दक्षिण आफ्रिकेतील संशोधक टिम नोक्स यांनी यावरून असे मांडले की, स्नायू पूर्ण संपण्याच्या बरेच आधी मेंदू सावधगिरी म्हणून लगाम खेचतो आणि शेवट दिसू लागला की तो सैल सोडतो. या मांडणीवर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण ‘आता बस’ असे वाटल्यानंतरही थोडे शिल्लक असते एवढे सरावात दिसते. त्याचा उपयोग करून घ्यायचा तर कठीण दिवशी चढ संपण्याऐवजी पुढचा विजेचा खांब किंवा पुढचे वळण एवढेच लक्ष्य ठेवावे, श्वास मोजावा, आणि चेहरा व खांदे सैल सोडावेत. मात्र याचा अर्थ थकवा खोटा असतो असा कोणी काढू नये. लगाम आहे म्हणून सांधे आणि हृदय शाबूत आहेत; नवशिक्याला तो अजून नीट वाचताही येत नाही, आणि तो वाचायला शिकणे हा या काळातील निम्मा अभ्यास आहे.

पायरी सातवी: कोणते दुखणे सोसावे, कोणते नाही

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायूंत दोन्ही बाजूंना सारखे, पसरलेले, दाबल्यावर जाणवणारे दुखणे असते; ते साधारण २४ ते ७२ तासांत कळसाला पोहोचते आणि हालचालीने मोकळे होते. हे सोसता येते, हलके चालणे चालू ठेवावे. याउलट एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असे, टोचणारे किंवा सांध्यात होणारे दुखणे, सूज, किंवा चाल बदलायला लावणारे दुखणे असेल तर त्या दिवशीचा व्यायाम तेथेच थांबवावा आणि आठवडाभरात कमी झाले नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

छातीत दाब किंवा जडपणा, डावा हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घेरी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, हृदयाची अनियमित धडधड यांपैकी काहीही झाले तर बसून घ्यावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी जाऊ नये. अति मेहनतीनंतर स्नायू असह्य दुखून लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर तीही तातडीची बाब आहे, कारण फुटलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडाला इजा करतात. वही पाहूनही काही कळते: सकाळची नाडी सलग तीन-चार दिवस नेहमीपेक्षा वर असेल, झोप लागत नसेल आणि सोपा व्यायामही जड वाटत असेल, तर तो आळस नसतो आणि आठवडा हलका करावा.

सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये (वजन एका दमात डोक्यावर नेणे) ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) १३५ असे एकूण २४८ किलो उचलले. पुढच्या प्रयत्नात कोपर दुखावले असताना तो तिसऱ्या प्रयत्नासाठी पुन्हा उभा राहिला, वजन उचलले गेले नाही, आणि एका किलोने सुवर्ण हुकून रौप्य मिळाले. त्या जिद्दीचे कौतुक सर्वांनी केले आणि ते योग्यच होते. परंतु तो वर्षानुवर्षांच्या तयारीनंतरचा स्पर्धेचा दिवस होता, शेजारी प्रशिक्षक आणि वैद्यकीय पथक होते. मंगळवारी सकाळी जिममध्ये दुखऱ्या कोपराने आणखी एक फेर मारणाऱ्याने त्याचा दाखला देऊ नये.

पायरी आठवी: मरगळ आली तर

ती येतेच. त्या दिवशी फक्त बूट घालून दहा मिनिटे चालावे आणि दहाव्या मिनिटाला परत फिरायची मुभा स्वतःला द्यावी. बहुतेक वेळा माणूस पुढे जातो आणि नाही गेला तरी वहीत ओळ राहते. शक्य असेल तर सोबती शोधावा, पण आपल्यापेक्षा थोडाच पुढे असलेला. फार पुढच्या माणसाबरोबर रोज फरफट होते, फार मागच्याबरोबर गप्पाच होतात.

लग्नसराई, गावची यात्रा, मुलांच्या परीक्षा किंवा आजारपण यांत दोन-तीन आठवडे गेले, तर परत येताना शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करू नये. निम्म्यावरून सुरू करावे. गमावलेले नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते. आणि तोच रस्ता, तीच वेळ यांचा कंटाळा आला असेल तर महिन्यातून एक रविवार जरंडेश्वरच्या किंवा सज्जनगडाच्या वाटेला द्यावा.

पायरी नववी: घाटातली शर्यत

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि पुन्हा उतरून शहरात यायचे, असे हे २१ किलोमीटर आहेत. अनेकांच्या व्यायामाला या शर्यतीनेच सुरुवात करून दिली आहे आणि तारीख डोळ्यांपुढे असण्याचा फायदा वर सांगितलाच आहे. तरीही पहिल्याच वर्षी नाव नोंदवावे का, याचे माझे उत्तर सहसा ‘नाही’ असे आहे. ज्याला सपाटीवर दहा किलोमीटर, पळत-चालत का होईना, न दुखता पूर्ण करता येतात आणि ज्याच्यापुढे अजून किमान चार महिने आहेत, त्याने नोंदवावे. इतरांनी त्या वर्षी रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवाव्यात आणि पुढच्या वर्षीची तारीख वहीत लिहावी.

नोंदणी करणारे बहुतेक जण चढाची धास्ती घेतात आणि चढाचाच सराव करतात. खरे हाल उतारावर होतात. चढून आलेल्या मांड्यांना उतारावर प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो. भार पेलत असतानाच स्नायू ताणले जातात आणि अशा ताणातून त्यांच्या तंतूंना सर्वाधिक सूक्ष्म इजा होते. मात्र याच स्नायूंचा एक चांगला गुण असा की, एकदा थोड्या उतरणीची सवय झाली की पुढचे काही आठवडे तेवढ्या उतरणीने ते पूर्वीसारखे दुखत नाहीत. म्हणून शर्यतीच्या सहा आठवडे आधीपासून दर आठवड्याला एकदा एक-दीड किलोमीटरचा उतार हलक्या, आखूड पावलांनी, गुडघे किंचित वाकलेले ठेवून पळावा आणि अंतर हळूहळू वाढवावे. टाच पुढे टाकून आदळत उतरू नये. समर्थ मंदिराच्या पुढे घाटात सराव करणार असाल तर उजेड झाल्यावरच, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने आणि भडक रंगाचा सदरा घालून जावे. शनिवार-रविवारी, विशेषतः कासच्या फुलांच्या हंगामात, तो रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला असतो.

शर्यतीच्या दिवशी पहिले तीन किलोमीटर सभोवतालच्या गर्दीपेक्षा मुद्दाम हळू जावेत, घाटात तीव्र वळणांवर सरळ चालावे, आणि नवे बूट, नवे मोजे किंवा कधी न खाल्लेले काहीही त्या दिवशी वापरू नये. त्यानंतरचे चार-पाच दिवस फक्त चालावे. दोन आठवड्यांनी, पाय पूर्ण मोकळे झाल्यावर, अजिंक्यताऱ्याची वेळ पुन्हा घ्यावी आणि पुढच्या आठ आठवड्यांचे वेळापत्रक त्या आकड्यावरून आखावे.